उजेड भरपूर झाला, आता सिंक्रोट्रॉनवाल्यांनी काय करायचं?

गेल्या काही वर्षांत सिंक्रोट्रॉनची, म्हणजे प्रखर एक्स-रे देणाऱ्या अवाढव्य मशीनची, कुठलीही बातमी उघडा, एक वाक्य हमखास असतं, की नवं मशीन जुन्यापेक्षा शंभर पट प्रखर आहे. खोटं नाहीये ते. पण माझं रोजचं कामच या एक्स-रेंवर चालतं, बॅटरी चार्ज होत असताना आतलं मटेरियल कसं बदलतं ते बघायचं, त्यामुळे या विषयावर माझं मत आता बऱ्यापैकी ठाम झालंय आणि आज ते लिहूनच टाकते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्राचं घोडं अडेल ते प्रकाश कमी पडला म्हणून नाही. सॅम्पल जळतंय म्हणून अडेल, डेटा बघायला कोणी नाही म्हणून अडेल आणि मशीनपर्यंत पोचू शकणारी माणसं मूठभर आहेत म्हणून अडेल.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळवायचे, चुंबकांनी वळवत वळवत एका मोठ्या रिंगमध्ये तासन् तास फिरवत ठेवायचे. असा इलेक्ट्रॉन वळला की त्यातून प्रकाश बाहेर पडतो. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमधल्या सिंक्रोट्रॉनवर हा प्रकाश पहिल्यांदा दिसला तेव्हा ॲक्सिलरेटरवाल्यांच्या दृष्टीने तो तोटाच होता, मेहनतीने दिलेली ऊर्जा अशी बाहेर सांडणं म्हणजे डोकेदुखीच की. नंतर लक्षात आलं की सांडतंय तेच कामाचं आहे आणि मग निव्वळ त्यासाठीच रिंग बांधायला लागले लोक.

फ्रान्समधल्या ग्रनोबलला ईएसआरएफ हे युरोपचं सिंक्रोट्रॉन केंद्र आहे, तिथली रिंग ८४४ मीटर परिघाची, तिच्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला साडेतीन लाखांच्या वर फेऱ्या मारतात. रिंगच्या सरळ भागांत अनड्युलेटर बसवलेले असतात, म्हणजे वर-खाली एकाआड एक उलटसुलट लावलेल्या चुंबकांच्या रांगा, आणि त्यांच्या मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातो. मला आजही भारी वाटतं ते इथलं गणित. चुंबकांच्या रांगेतली एक लाट साधारण २ सेंटीमीटरची, हातात धरता येईल एवढी. बाहेर येणाऱ्या एक्स-रेची तरंगलांबी मात्र एका अँगस्ट्रॉमच्या आसपास, अणूच्या मापाची. २ सेंटीमीटरचं एवढंसं कोणी केलं? सापेक्षतेने! ६ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनचा गॅमा, म्हणजे त्याची ऊर्जा स्थिर इलेक्ट्रॉनच्या किती पट झाली तो आकडा, येतो सुमारे ११,७००, आणि तरंगलांबी आखडते गॅमाच्या वर्गाच्या दुप्पट पटीने, म्हणजे सत्तावीस कोटींहून जास्त पट. चुंबकांच्या ताकदीप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो पण मुख्य हिशोब हाच.

आता प्रखरता एवढी वाढली कशी ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वळणावर कुठला इलेक्ट्रॉन नेमका कधी फोटॉन सोडेल याचा नेम नसतो, सोडला की त्याची ऊर्जा कमी होते आणि तो ठरलेल्या वाटेवरून जरासा बाजूला सरकतो, असे अब्जावधी इलेक्ट्रॉन थोडे थोडे सरकले की बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, आडवा फुगतो. बीम किती जाड आहे आणि किती फाकतोय या दोन्हीचा मिळून जो आकडा येतो त्याला एमिटन्स म्हणतात, आणि तो जितका कमी तितका प्रकाश एकवटलेला. घाटात गाडी एकच करकचून वळण घेते तेव्हा आतले सगळे एका बाजूला फेकले जातात, तेच वळण सात हलक्या टप्प्यांत घेतलं तर कोणाचा कोणाला धक्का लागत नाही, इथेही युक्ती तीच आहे. एका मोठ्या चुंबकाऐवजी बरेच छोटे लावायचे. आणि फायदा साधासुधा नाही, वळणाच्या कोनाच्या घनाच्या प्रमाणात होतो, कोन निम्मा केला तर एमिटन्स आठव्या हिश्श्यावर येतो.

ही कल्पना १९९०च्या दशकापासून कागदावर होती. पण एवढे चुंबक दाटीवाटीने बसवायचे तर ते जवळजवळ बीमला चिकटवावे लागतात, मग मधली नळी बारीक करावी लागते, आणि नळी बारीक झाली की तिच्यातली हवा पंपाने ओढून काढणं अवघड होऊन बसतं. स्वीडनमधल्या लुंडच्या मॅक्स फोरवाल्यांनी नळी केली जेमतेम २२ मिलिमीटरची आणि तिच्या आतल्या भिंतीला असा थर दिला की भिंतच वायू शोषून घेते. दर टप्प्याला सात वळणं. २०१६मध्ये उद्घाटन झालं आणि मग सगळ्यांनाच धीर आला. ब्राझीलची सिरियस आली. ईएसआरएफने २०१८च्या डिसेंबरमध्ये जुनी रिंग बंद केली, बोगद्यातून उचलून बाहेर काढली, आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये ऐन कोविडात त्याच बोगद्यात नवी रिंग सुरू करून लोकांच्या हवाली केली, एमिटन्स ४,००० पिकोमीटरवरून १३०-१४०च्या घरात. शिकागोजवळची एपीएस २०२३च्या एप्रिलमध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी नव्या रूपात उभी राहिली, तिचा आकडा ४२. तिथे तर इलेक्ट्रॉनला इकडेतिकडे हलायला इतकी कमी जागा आहे की चालू बंचमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या फिरत्या पुंजक्यात, नवे इलेक्ट्रॉन भरताच येत नाहीत, अख्खा बंच काढून टाकायचा आणि त्याच जागी नवा काठोकाठ भरलेला बंच आणून ठेवायचा, तेही बाकीच्यांना धक्का न लावता. हे रोज होतं, दिवसभर होत राहतं. चीनमध्ये बीजिंगजवळ हेप्सची १,३६० मीटरची रिंग, जपानची स्प्रिंग-८ नव्या रूपाच्या तयारीत, ब्रिटनची डायमंड पण त्याच वाटेवर.

जर्मनीत हॅम्बर्गला पेट्रा फोरचं डिझाइन आहे २० पिकोमीटरचं. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण १ अँगस्ट्रॉमच्या एक्स-रेसाठी प्रकाशाची स्वतःची मर्यादाच ८ पिकोमीटर आहे. इलेक्ट्रॉनचा बीम त्याच्याहून बारीक केला तरी प्रकाश आपल्या स्वभावाने तेवढा पसरणारच, मग उपयोग काय. म्हणजे ज्या दिशेने सगळे इतकी वर्षं धावले ती वाट आता संपत आलीये, टोक दिसतंय. म्हणूनच मी म्हणते की इथून पुढे फक्त 'अजून प्रखर' एवढंच ध्येय धरून चालणार नाही.

प्रकाश एकवटला की तो कोहेरंट होतो, सगळ्या लाटा ताल धरून येतात, आणि मग मोठी मजा सुरू होते. एक्स-रेसाठी चांगली भिंगं करणं फार कठीण, काच त्यांना जवळपास वळवतच नाही. मग भिंगच नको! सॅम्पलवरून विखुरलेल्या लाटा सरळ डिटेक्टरवर घ्यायच्या आणि चित्र कॉम्प्युटरने उभं करायचं. अडचण अशी की डिटेक्टरला फक्त लाटेची तीव्रता कळते, लाट शिखरावर होती की दरीत ते कळत नाही, आणि चित्राचा जीव त्यातच असतो. यावर वाट आहे असं डेव्हिड सेयर या शास्त्रज्ञाने १९५२ मध्येच सुचवलं होतं, प्रत्यक्षात ते पहिल्यांदा १९९९मध्ये जमलं. आज जे सर्रास वापरतात ते टायकोग्राफी, बीमचा ठिपका सॅम्पलवर थोडा थोडा सरकवायचा पण असा की प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्यावर बराचसा चढलेला राहील. एकच जागा अनेक फोटोंमध्ये येते, मग कॉम्प्युटरला असं एकच उत्तर शोधावं लागतं जे सगळ्या फोटोंना एकदम पटेल, आणि त्या ओढाताणीत हरवलेली माहिती परत मिळते.

स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये २०१७ साली याच पद्धतीने प्रोसेसर चिपचा बारीकसा खांब कापून त्याच्या आतलं वायरिंग थ्रीडीमध्ये दाखवलं, १५ नॅनोमीटरच्याही खाली. २०२४मध्ये तिथल्याच लोकांनी ४ नॅनोमीटर गाठलं, एकेक ट्रान्झिस्टर वेगळा कळेल इतकं. आणि मला इथे थांबून सांगायचंय की हे काम झालं ते त्यांच्या जुन्या रिंगवर, अपग्रेडच्या आधी. प्रकाश होता तेवढाच. त्यांनी केलं काय, तर एका लांब एक्स्पोजरऐवजी पटापट खूप छोटे एक्स्पोजर घेतले म्हणजे सगळं किती हलतंय तेही फ्रेम टू फ्रेम कळतं आणि नंतर हिशोबात धरता येतं. जलद डिटेक्टर, हुशार गणित आणि थरथर ओळखायची शिस्त. माझ्या म्हणण्याला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या टोकाला अख्खे अवयव. ईएसआरएफमधले पॉल टॅफोरो मूळचे जीवाश्मांचे अभ्यासक, दगडात अडकलेली हाडं न फोडता कशी बघायची यात त्यांची हयात गेली. कोविडात फुप्फुसांचं नेमकं काय होतंय हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पीटर लींच्या टीमने अख्खं मानवी फुप्फुस स्कॅन करायची पद्धत बसवली. आधी अख्खा अवयव २०-२५ मायक्रोमीटरच्या बारकाईने, मग त्यातलीच हवी ती जागा निवडून एक-दोन मायक्रोमीटरपर्यंत, अवयव कुठेही न कापता. ऐकायला सोपं वाटतं पण सगळी कमाल तयारीत आहे. अवयव अल्कोहोलमध्ये मुरवतात, आतले वायू काढून टाकतात कारण एवढ्या एक्स-रेंनी बुडबुडे उठले तर स्कॅन वाया, मग अगारच्या जेलमध्ये असा बसवतात की तासन् तास एक केससुद्धा हलू नये. प्रखर मशीन फुकट जाऊ नये म्हणून आधी हे किचकट काम कोणीतरी हाताने केलेलं असतं आणि बातमीत त्याचा उल्लेख क्वचित येतो.

आता जळण्याचा मुद्दा. हाच मला सगळ्यात मोठा वाटतो.

एक्स-रे सॅम्पलमधून नुसते जात नाहीत, वाटेत बंध तोडत जातात. प्रोटीनचा क्रिस्टल उणे १७३ अंशाला गोठवून ठेवला तरी साधारण ३ कोटी ग्रेच्या (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांच्या डोसचं एकक) पुढे त्याच्यावर भरवसा ठेवू नये असा दंडक आहे, एलस्पेथ गार्मन यांच्या टीमने २००६मध्ये मोजलेला. माणसाला पाच ग्रेच्या आसपासचा डोससुद्धा जीवघेणा असतो, यावरून अंदाज येईल. साध्या तापमानाला तर क्रिस्टल कितीतरी आधीच ढासळतो. आणि सगळ्यात निर्दयी नियम असा, की दहापट बारीक बघायचं असेल तर डोस दहापट नाही, साधारण दहा हजार पट लागतो, बारकाईच्या चौथ्या घातात. म्हणजे मऊ, ओल्या, जिवंत गोष्टींच्या बाबतीत नवी मशीन फोटॉन कितीही देवो, सॅम्पल ते घेऊच शकत नाही. प्रकाश शंभरपट केला म्हणून पेशी शंभरपट सोसणार नाही.

बॅटरीवाल्यांना याचा चांगलाच अनुभव आहे. सेलला खिडकी करायची, चार्जिंग चालू ठेवायचं, एक्स-रेचा बीम एका जागी धरून तासभर डिफ्रॅक्शन, म्हणजे अणूंच्या मांडणीवरून विखुरलेल्या एक्स-रेची मोजणी, घेत बसायचं. ग्राफ सुंदर येतो, त्यातली शिखरं हळूहळू सरकताना दिसतात. मग शेवटी तोच सेल सगळीकडून स्कॅन केला की कधीकधी दिसतं की बाकीचं इलेक्ट्रोड पूर्ण चार्ज झालंय आणि बीम जिथे पडत होता तेवढाच बारीक ठिपका मागे राहिलाय. म्हणजे तासभर आपण बॅटरी बघत नव्हतो, एक्स-रेने बिघडवलेली जागा बघत होतो. आता बहुतेक चांगले ग्रुप बीम सरकवत ठेवतात, मध्येमध्ये बंद करतात, शेवटी बीम न लागलेल्या जागेशी ताडून बघतात. मला वाटतं हे प्रत्येक पेपरमध्ये सक्तीचं व्हायला हवं, डोसचा आकडा आणि न बीम लागलेल्या जागेचा डेटा, दोन्ही. नव्या रिंगांवर तर जास्तच, कारण तिथे ही गडबड मिनिटांत नाही, सेकंदात होते.

यातून सुटायची एक वाट म्हणजे एकाच सॅम्पलला छळायचं नाही, हजारो सॅम्पल वापरायची. फ्री इलेक्ट्रॉन लेसरवाल्यांनी, म्हणजे रिंगऐवजी सरळ रेषेत इलेक्ट्रॉन पळवून एक्स-रेच्या अतिशय छोट्या पल्स काढणाऱ्यांनी, ही वाट रुळवली, कॅलिफोर्नियातला एलसीएलएस २००९ पासून, नंतर जपानचा साक्ला, २०१७ पासून जर्मनीतला युरोपियन एक्सएफईएल. तिथे एक पल्स काही फेम्टोसेकंदांची असते (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही दशलक्षांश), क्रिस्टल फुटायच्या आधीच फोटो निघालेला असतो. हजारो बारीक क्रिस्टल एकेक करून बीमसमोरून न्यायचे, प्रत्येकाचा एकच फोटो. आता रिंगांवरही हेच मायक्रोसेकंदांच्या पल्स वापरून करतात, तेही साध्या तापमानाला, जिथे प्रोटीन खरंच हलत असतं. एक्सएफईएल, म्हणजे असे एक्स-रे लेसर, आल्यावर रिंगा मोडीत निघणार असं काही जण म्हणायचे, तसं होणार नाही. रिंगवर एका वेळी तीसचाळीस बीमलाइन, म्हणजे प्रकाश बाहेर घेऊन प्रयोग करायच्या जागा, चालतात, प्रकाश दिवसेंदिवस स्थिर असतो. दोघांचं काम वेगळं आहे, भांडण लावण्यात अर्थ नाही.

प्रोटीनचा विषय निघालाच आहे तर, प्रोटीनचा आकार वर्तवणारं अल्फाफोल्ड हे एआय आल्यापासून 'आता क्रिस्टलोग्राफी कशाला', म्हणजे क्रिस्टलवर एक्स-रे टाकून रचना काढायची कशाला, हा प्रश्न फार ऐकू येतो. अल्फाफोल्ड शिकलं कशावर? १९७१पासून जमा होत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर, आणि तिथली बहुतेक स्ट्रक्चर एक्स-रेनेच काढलेली. दुसरं म्हणजे प्रोटीनचा आकार कळणं ही सुरुवात असते, औषधाचा रेणू त्याला कुठे आणि कसा चिकटतो हे बघावंच लागतं. २०२०च्या सुरुवातीला डायमंडमध्ये कोरोना व्हायरसच्या मुख्य प्रोटिएझच्या (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमच्या) क्रिस्टलमध्ये हजाराहून जास्त छोटे रेणू एकेक करून टाकून बघितले, सत्तरच्या आसपास चिकटलेले सापडले, आणि तो सगळा डेटा तेव्हाच खुला केला. असं काम रोबॉटने, झोप न घेता, शेकडो क्रिस्टलवर करत राहणं ही सिंक्रोट्रॉनची आज खरी ताकद आहे.

डेटाचं सांगते. एक डिटेक्टर घ्या, ४० लाख पिक्सेल, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला २,००० फ्रेम. झाले सेकंदाला १६ गिगाबाइट, तासाला ५७ टेराबाइटच्या वर. हा काही स्वप्नातला डिटेक्टर नाही, असे आज चालू आहेत. हार्ड डिस्क बॅगेत टाकून घरी जायचे दिवस संपले. डेटा उचलून नेता येत नाही, कॉपी करून पाठवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक फ्रेम कोणी माणूस कधीच बघत नाही. मग फ्रेम साठवायच्या आधीच ठरवावं लागतं की ठेवायची की टाकायची, आणि तो निर्णय सॉफ्टवेअरने घ्यायचा. मला याची धाकधूक वाटते, कारण नवीन काहीतरी सापडतं ते बऱ्याचदा त्याच फ्रेममध्ये जी 'खराब' म्हणून टाकून दिली असती. निदान प्रत्येक प्रयोगातला थोडा भाग न गाळता, जसाच्या तसा ठेवायला हवा असं माझं म्हणणं आहे.

एआयचा फायदा मात्र मी नाकारणार नाही. २०२३मध्ये एपीएसच्या लोकांनी टायकोग्राफीचं चित्र न्यूरल नेटवर्कने मोजणी चालू असतानाच उभं करून दाखवलं, तेही डिटेक्टरजवळ ठेवलेल्या छोट्याशा कॉम्प्युटरवर. बर्कलीत अशी सॉफ्टवेअर झालीयेत जी आत्तापर्यंतची मोजणी बघून पुढची मोजणी कुठे घ्यायची ते सुचवतात, म्हणजे जिथे काहीच घडत नाहीये तिथे बीमटाइम, म्हणजे मशीनवर मिळालेला वेळ, उधळला जात नाही आणि डोसही वाचतो. हे फार कामाचं आहे. फक्त न्यूरल नेटवर्कने 'भरलेलं' चित्र आणि खरोखर मोजलेलं चित्र यातला फरक पेपरमध्ये ढळढळीत दिसायला हवा. आजपर्यंत कोणी न बघितलेली गोष्ट बघायला आपण तिथे जातो आणि नेटवर्कला येतं ते त्याने आधी बघितलेलं, हा पेच सहज सुटण्यातला नाही.

एक वापर मला मनापासून आवडतो, त्याबद्दल कमी लिहिलं जातं. धातूचं थ्रीडी प्रिंटिंग करताना लेसर पावडर वितळवतो तेव्हा वितळलेल्या धातूत एक खोल खड्डा पडतो, त्याला कीहोल म्हणतात, तो ढासळला की आत वायूचा बुडबुडा अडकतो आणि नंतर तो पार्ट तिथूनच तडकतो. धातूच्या आत घडणारी गोष्ट, तीही डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी संपणारी, बाहेरून काय दिसणार. एपीएसमध्ये एक्स-रेचं हायस्पीड शूटिंग करून ती पहिल्यांदा नीट दाखवली, २०१९ला 'सायन्स' या नियतकालिकात आलं होतं. इथवर ठीक. पण २०२३मध्ये पुढची पायरी झाली, एक्स-रेचं शूटिंग आणि साध्या थर्मल कॅमेऱ्याचं शूटिंग एकाच वेळी घेतलं, आणि बुडबुडा नेमका कधी पडला हे एक्स-रेवरून माहीत असल्यामुळे फक्त थर्मल कॅमेऱ्याकडे बघून ते ओळखायला मॉडेलला शिकवलं. म्हणजे कारखान्यात सिंक्रोट्रॉन लागणार नाही, कॅमेरा पुरेल. बॅटरीत, सिमेंटमध्ये, औषधाच्या गोळ्यांत, कुठेही हे करता येईल, महागड्या मशीनने एकदाच सत्य दाखवायचं आणि त्यावर स्वस्त सेन्सर तयार करायचा. पैसे कुठे घालायचे असं कोणी मला विचारलं तर मी आधी इथे घालायला सांगेन.

स्वस्तावरून आठवलं, टेबलावर मावणाऱ्या सिंक्रोट्रॉनचं स्वप्नही जुनंच आहे. लेसरने प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, लाट उठवायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉन पळवायचे, काही मिलिमीटरमध्ये एवढी ऊर्जा मिळते जिला नेहमीच्या पद्धतीने कित्येक मीटर लागतात. शांघायच्या टीमने २०२१मध्ये अशा बीमवर फ्री इलेक्ट्रॉन लेसर चालवून दाखवला, पण २७ नॅनोमीटरला, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटच्या टोकाला. अँगस्ट्रॉम अजून लांब आहे.

विजेचं काय, हाही प्रश्न आता टाळता येत नाही. ईएसआरएफच्या नव्या रिंगमध्ये शंभराहून जास्त वळण-चुंबक कायमस्वरूपी चुंबकांचे आहेत, त्यांना वीजच लागत नाही, त्यामुळे रिंग जास्त ताकदवान होऊनही वीज कमी खाते. जॉर्डनमधल्या सेसामीने २०१९मध्ये स्वतःचा सोलर प्लांट सुरू केला. आणि सेसामीची खरी गोष्ट विजेच्या पुढची आहे, इराण, इस्रायल, पाकिस्तान, पॅलेस्टाइन, इजिप्त एकाच रिंगचे सभासद, बर्लिनच्या जुन्या बेसी मशीनचे भाग इंजेक्टरसाठी (रिंगमध्ये इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या यंत्रणेसाठी) नेऊन उभी केलेली जागा, २०१७ला उद्घाटन. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातलं ते सगळ्यात धाडसाचं काम आहे.

जगात अशी केंद्रं पन्नासच्या आसपास, आणि अख्ख्या आफ्रिकेत एकही नाही. आफ्रिकन लाइट सोर्ससाठी, म्हणजे स्वतःच्या सिंक्रोट्रॉनसाठी, तिथले शास्त्रज्ञ कित्येक वर्षं धडपडतायत. बीमटाइमसाठी प्रपोजल द्यायचं, कमिटी वाचते, निवड झाली तर काही शिफ्ट मिळतात, शोध जाहीर करणार असाल तर बीमटाइमचे पैसे बहुतेक ठिकाणी पडत नाहीत. कागदावर सगळ्यांना दार उघडं. पण चांगलं प्रपोजल तोच लिहितो ज्याने आधी बीमलाइन बघितलीये, सॅम्पल बसवायला तोच शिकतो ज्याच्या गाइडचा तिथे राबता आहे, आणि व्हिसा, विमान, डेटाचं प्रोसेसिंग हे सगळं वेगळंच. नवी रिंग बांधायला पैसे मिळतात, फीत कापायला मंत्री येतात, पण रात्री तीन वाजता बीम गेला तर फोन उचलणारी बीमलाइन सायंटिस्टची जागा मात्र दोन-तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर. त्या माणसाला नव्या युजरला हाताला धरून शिकवायला वेळ मिळेल एवढी माणसं प्रत्येक बीमलाइनवर हवीत. शंभरपट प्रकाशाने प्रयोग मिनिटांत उरकायला लागले की तितकी जास्त सॅम्पल, तितके जास्त प्रश्न, आणि माणसं तेवढीच.

खुल्या डेटाने काय होतं ते इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या गुंडाळ्यांनी दाखवलंय. सन ७९च्या उद्रेकात कोळसा झालेले हर्क्युलेनियमचे पपायरस, उलगडायला गेलं तर भुगा होतात. २०१९मध्ये डायमंडला त्यांचं स्कॅनिंग झालं. शाई कार्बनची, पपायरसही कार्बन झालेला, त्यामुळे स्कॅनमध्ये अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ ब्रेंट सील्स आणि बाकीच्यांनी २०२३मध्ये सगळा डेटा जगासमोर ठेवला, बक्षीस लावलं, आणि वर्षभराच्या आत तीन विद्यार्थ्यांनी, ज्यांचा सिंक्रोट्रॉनशी काही संबंध नव्हता, त्यातून ग्रीक मजकुराचे रकानेच्या रकाने वाचून दाखवले. त्या स्कॅनला तेव्हा चार वर्षं झाली होती. प्रकाश कधीचा देऊन झाला होता, वाचणारे यायचे बाकी होते.

अवयवांचा डेटाही असाच ह्यूमन ऑर्गन ॲटलसमध्ये खुला आहे, ब्राउझरमध्ये मूत्रपिंड उघडून झूम करत रक्त गाळणाऱ्या बारीक गाठींपर्यंत जाता येतं, कुठलंही प्रपोजल न लिहिता. ज्या कॉलेजात साधं एक्स-रे मशीनही नाही तिथल्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून हे द्यावं, त्या गाठी मोजायला लावाव्यात, कुठे दाट कुठे विरळ ते काढायला लावावं. आणि केंद्रांनी आपल्या बाजूने दोन गोष्टी कराव्यात, कच्च्या डेटाबरोबर तो उघडायचं चालू स्थितीतलं सॉफ्टवेअर ठेवावं, आणि पोस्टाने सॅम्पल मागवून मोजून द्यायची सोय, जी आज काही बीमलाइनवर पावडर डिफ्रॅक्शन किंवा प्रोटीन क्रिस्टलसाठी आहे, ती टोमोग्राफीलाही, म्हणजे न कापता आतलं थ्रीडी चित्र काढण्यासाठीही, सुरू करावी. रोबॉट आहेत, डिटेक्टर आहेत, प्रयोगाला लागणारा वेळ मिनिटांवर आलाय, आता अशा सॅम्पलसाठी दर हंगामात थोड्या शिफ्ट वेगळ्या काढून ठेवल्या तर ते पुढच्या वर्षापासूनही होण्यासारखं आहे.